दादाचं दुमजली विमान

६ जानेवारी

प्रिय भाऊजींस,

वहिनीचे आशीर्वाद. तक्रार खाली आहे.

दुकान बरं चाललंय असं तुमच्या शेवटच्या पत्रावरून कळलं. त्या पत्राला तीन महिने झाले, एवढंच म्हणते. तुम्ही फोन करता, नाही असं नाही. पण फोनवर तुमचे दादा ‘बरंय, बरंय’च्या पुढे जात नाहीत, आणि मी बोलायला घेतला की शेजारी उभे राहतात. म्हणून पत्र.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. पस्तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात लेथवर शाफ्ट कातलेला माणूस हा. केसाएवढा फरक यांच्या बोटांना कळतो, असं यांचे साहेब चारचौघांत सांगायचे. त्या माणसाने नळाचा वॉशर बदलायला प्लंबर बोलावला, आणि स्वतः टॉर्च धरून उभा राहिला. टॉर्चसुद्धा दोन्ही हातांनी. प्लंबर गेल्यावर मी नुसती भांडी जरा जोरात घासली.

मागच्या खोलीत लेथवर जुनी चादर टाकलेली आहे, ती चार वर्षं तशीच. यांनी बांधलेलं ते रिमोटचं विमान पडलं त्या दिवसापासून. तुम्ही होतातच तेव्हा. मैदानाचा रखवालदार थोडक्यात वाचला हे खरं, पण वाचला ना? यांनी मात्र नोकरीतून निवृत्त झाल्यावर आता हातापायांनाही निवृत्त करून टाकलंय.

मुलगी आणि नात आठ दिवस राहून गेल्या. नात साडेतीन वर्षांची झाली, तोंडाचा पट्टा एकसारखा सुरू असतो. घर भरल्यासारखं वाटलं, आणि त्या गेल्यावर दुप्पट रिकामं.

तुमचं ते ऐकतात. त्यांना काहीतरी करायला लावा, काय ते तुम्हीच ठरवा.

लोभ आहेच, पत्रांची संख्या वाढवा.

तुमची वहिनी

*

२ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

सोबतचं खोकं उघडताना जपून. आत जे आहे ते माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं. घड्याळं दुरुस्त करायचे ते. हौसेने इंजिन आणलं आणि पुढे नजरच गेली, तेव्हा एकदाही सुरू न करता कपाटात ठेवून दिलं. परवा चष्म्याचा नंबर काढायला आले तेव्हा म्हणाले की, हे चांगल्या हातांत जायला हवं. मला एकच नाव सुचलं.

पाच सिलिंडर आहेत, गोल मांडलेले, मधे एकच दांडा. जुन्या विमानांच्या नाकावर असायचं तसंच, फक्त भाताच्या पातेल्याएवढं. शाळेत असताना तू गणिताच्या वहीच्या मागे एक विमान काढायचास, एकावर एक दोन पंख असलेलं. आई त्याला दुमजली विमान म्हणायची. आता ते बांध. नाही म्हणू नकोस, खोकं परत पाठवलंस तर मी घेणार नाही.

माझं ठीक चाललंय. वजन वाढतंय, केस कमी होतायत, एकूण हिशेब जुळतो.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे, मी तिच्या लायक असो वा नसो.

तुझा,
काडी

*

१९ फेब्रुवारी

चि. काडीस,

अनेक आशीर्वाद. तू आता काडी राहिला नाहीस, ओंडका झालायस, पण ह्या वयात तुझं नाव बदलायला मी काही अर्ज करणार नाही.

तुला वेड लागलंय का? असलं इंजिन कोणी असं पाठवून देतं? मी तीन दिवस त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे वहिनी बघत असताना पाहिलं नाही. चौथ्या दिवशी लेथवरची चादर काढली. धूळ इतकी, की वहिनीने मला खोलीबाहेर काढून आधी केर काढला.

तुझ्या घड्याळजींना सांग की इंजिन उत्तम राखलंय, पण तेल घालून उभं ठेवलं होतं. उभ्या इंजिनात तेल उतरून खालच्या दोन सिलिंडरमध्ये साचतं. तसंच जोर लावून फिरवलं असतं तर तेल काही दबत नाही, आतला दांडा मात्र वाकतो. मी खालचे दोन्ही प्लग काढले, प्रोपेलर हाताने हळूहळू फिरवला, वाटीभर काळं तेल निघालं. मग ते असं मऊ फिरायला लागलं की काय सांगू.

नकाशा काढलाय. पंख सव्वादोन मीटरचे, वरचा जरा पुढे, खालचा जरा मागे. मन लावून बांधीन. माझी भीती तुला माहीत आहे, पण टेबलावर चूक झाली तर लाकूड वाया जातं, आकाशात झाली तर माणूस. तेव्हा अट एकच. बांधणार मी, उडवणार तू. रिमोटला मी हात लावणार नाही. त्या दिवशी मी उजवीकडे दाबलं असं मला आजही वाटतं, आणि विमान डावीकडे कलंडत गेलं. मेंदू एक सांगतो आणि अंगठा दुसरंच करतो, असल्या माणसाने लोकांच्या डोक्यावरून दहा किलोचं यंत्र फिरवू नये.

तू मात्र लहानपणापासून स्थिर हाताचा. भिंगं घासणारा माणूस.

तब्येत सांभाळ. जिने चढत जा. प्रेम आहेच, ते लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझा,
दादा

*

२७ एप्रिल

प्रिय भाऊजींस,

आशीर्वाद. या वेळी तक्रार इस्त्रीची. विमानाच्या पंखांवर चढवायचं कापड इस्त्रीने ताणून बसवावं लागतं म्हणे. माझी इस्त्री नेली आहे, आणि गेले पंधरा दिवस आम्ही दोघं चुरगळलेले फिरतो आहोत.

पण घरात आवाज आला आहे, भाऊजी. लेथ फिरते, करवत चालते, मधेच शीळ ऐकू येते. जेवायला तीनदा हाका माराव्या लागतात. सांगाडा तयार झाला तेव्हा मला बोलावून दाखवला. इतकं हलकं लाकूड की फुंकर मारली तर हलेल, आणि त्याच्या नाकावर ते लोखंडी गोल धूड. तरी नाक आखूड असल्यामुळे शेपूटच जड होत होती. मग सगळ्या बॅटऱ्या उचलून इंजिनाच्या पाठीला नेल्या, वरच्या पंखाखाली दोन बोटं लावून अख्खं विमान तोललं, ते हळूच नाक खाली करून थांबलं. यांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतात.

एक सांगते, रागावू नका. दोन पंखांमधल्या तारा बांधायची वेळ आली तेव्हा यांनी मला बसवलं. म्हणाले, माझ्या गाठीवर माझा भरवसा नाही. मी बांधल्या. मला काय येतंय त्यातलं? परवा शेजाऱ्यांना सांगत होते की विमान माझा भाऊ उडवणार, त्याचे हात चांगले आहेत, माझ्या हातांनी एकाचा जीव घेतला असता. हसत सांगत होते. मला आत येऊन उगाच कपाट आवरावं लागलं.

जूनच्या शेवटी या. सुट्टी आत्तापासून मागून ठेवा, म्हणजे दुकान तुमचंच आहे हे आठवेल.

माया आहे तशी ठेवा.

तुमची वहिनी

*

११ जून

ती. दादास,

नमस्कार लिहायचा धीर होत नाही, तरी लिहितो.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा जसं येईल तसं लिहितोय. जून संपायच्या आत तुला हे कळायला हवं, कारण तू माझ्या हातात रिमोट देणार आहेस.

चार वर्षांपूर्वी मी सुट्टीला आलो होतो. उडवायच्या आदल्या संध्याकाळी तू विमानातल्या रिसीव्हरची बॅटरी बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलीस आणि मला लक्ष ठेवायला सांगितलंस. माझा फोन बंद पडत आला होता. मी तुझा प्लग काढून माझा लावला. नंतर परत लावीन म्हटलं आणि विसरलो. सकाळी मैदानावर तू विचारलंस, बॅटरी भरली ना. मला तेव्हाच आठवलं. पण तू विमान जोडून तयार होतास, चार माणसं बघायला उभी होती. थोडी तरी भरली असेल असं मनाशी म्हणून मी हो म्हणालो.

तू उजवीकडेच दाबलं होतंस, दादा. विमानाला ते पोचलंच नाही. बॅटरी संपली होती.

पडलं तिथे मी आधी पोचलो, तुला आठवत असेल. रखवालदार त्याच्या स्टुलाशेजारी उभा होता आणि त्याच्यापासून दहा पावलांवर इंजिन जमिनीत रुतलं होतं. त्याच्या डब्याचं झाकण उडालं होतं. मी मोडतोडीत हात घालून बॅटरी काढली आणि खिशात टाकली. घरी आलो. तू पायरीवर बसून राहिलास, दुपारभर. त्या दुपारी मी आतल्या खोलीत दार लावून ती बॅटरी पूर्ण भरली. संध्याकाळी तू एकेक भाग तपासायला घेतलास. मीटर लावलास, बॅटरी भरलेली. रिसीव्हर ठीक. सगळं ठीक. राहिलास तू.

विसरणं एक वेळ चूक म्हणता येईल. ती दुपार चूक नव्हती.

आणि एवढ्यावर थांबलो नाही. महिन्याने तू माझ्या दुकानात डोळे तपासायला आलास. मी तुला खुर्चीत बसवून अक्षरांचा तक्ता दाखवला. तू शेवटची ओळ वाचलीस. मी म्हणालो, डोळे ठणठणीत आहेत. तू म्हणालास, म्हणजे हात. मी तेव्हा भिंग पुसत होतो. ते पुसत राहिलो.

इंजिन ही भेट नव्हती. केलेल्या गोष्टीची शिक्षा मी परस्पर, तुला न कळू देता भोगू पाहत होतो. त्यानेही तुझीच फसवणूक झाली.

मी तुझं विमान उडवणार नाही. ते उडवायचा हक्क असलेला माणूस तुझ्या घरात आहे.

लोभाची मागणी करत नाही.

काडी

*

३ जुलै

भाऊजींस,

तुमचं पत्र यांनी फाटकातच उघडलं आणि उभ्याउभ्या वाचलं. मग मागच्या खोलीत जाऊन पुन्हा वाचलं. तासाभराने बाहेर आले आणि माझ्याकडे सुई-दोरा मागितला. मला वाटलं बटण तुटलं. तर खिडकीशी बसून यांनी सुईत दोरा ओवला. काढला. पुन्हा ओवला. मग माझा शिवणाचा डबाच मागितला, आणि घरातल्या सगळ्या सुया, बारीक मण्यांच्या सुयांसकट, ओवून ओळीने उशीला टोचून ठेवल्या. अकरा सुया. एकही दोरा चुकला नाही. मग पत्र माझ्या हातात दिलं आणि चप्पल घालून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी स्वतःहून डॉक्टरांकडे गेले, जे चार वर्षं टाळत होते. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, बोटांवर कागद ठेवला, नाकाला बोट लावायला सांगितलं. म्हणाले, अडुसष्टाव्या वर्षी एवढे स्थिर हात मी कमी पाहिलेत. 

तुमचा विषय यांनी काढलेला नाही. मी विचारलं नाही. मीसुद्धा रागावले आहे, भाऊजी, ते लपवत नाही. पण तुमचं पत्र वाचल्यापासून मला माझंच काही खुपतंय. यांनी तसं कधी मागितलं नव्हतं, तरी मी यांना अर्धाच कप चहा द्यायला लागले होते. सांडू नये म्हणून. यांचे हात खरंच कापतात का, हे मी एकदाही नीट पाहिलं नाही. हे म्हणाले आणि मी मानलं. चाळीस वर्षांच्या संसारात मला एवढंही बघता येऊ नये?

तूर्त येऊ नका. मी कळवीन.

वहिनी

*

२० ऑगस्ट

काडीस,

आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहितो.

दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. विमानाचं मला काही नाही. विमानं पडतात. प्लग काढलास तेही सोड, माझ्या हातूनही तसं झालं असतं.

त्या दुपारचं मात्र मला सोडवत नाही. मी पायरीवर बसलो होतो आणि तू मला पाणी आणून दिलंस. खांद्यावर हात ठेवून म्हणालास की, होतं असं, वय आहे. आत बॅटरी भरत होती. हे तू पत्रात लिहिलं नाहीस. विसरलास की लिहवलं नाही, मला माहीत नाही.

त्या रखवालदाराकडे मी वर्षभर दर महिन्याला जायचो, माफी मागायला. शेवटी तो कंटाळला. म्हणाला, साहेब, मी ते विसरलो, तुम्ही आलात की पुन्हा आठवतं. मग जाणं थांबवलं.

आणि एक ऐक. नात झाली तेव्हा दवाखान्यात मुलीने तिला माझ्यापुढे धरलं. एवढीशी, दुपट्यात गुंडाळलेली. मी हात मागे घेतले. सर्दी झालीय म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी कंबर दुखते म्हणालो. मग मुलीने पुढे करणंच सोडलं. आता ती पळते, झाडावर चढू बघते. कडेवर घ्यायला गेलो तर अंग काढून घेते, मला ओळखते पण माझ्या अंगाची तिला सवय नाही. ते वय गेलं. तू कितीही पत्रं लिहिलीस तरी ते मला परत देता येणार नाही, आणि मलाही ते तुझ्याकडून वसूल करता येणार नाही. करायचं काय ह्याचं, तूच सांग.

तू येऊ नकोस. काही पाठवूही नकोस. विमान पुरं करतोय. तुझ्या वहिनीने बांधलेल्या तारा सोडून मी पुन्हा बांधल्या. तिला वाईट वाटलं नाही.

दादा

*

८ सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि.

येऊ नकोस म्हणालास, म्हणून घरी आलो नाही. पण गेल्या रविवारी मैदानावर येऊन गेलो. दिवसाउजेडी बसने आलो आणि परत गेलो. रखवालदाराला भेटलो. त्याने ओळखलं नाही, मी सांगितलं. त्या दिवशी दोष भावाचा नव्हता, माझा होता, आणि मी तो लपवला, एवढं उभं राहून बोललो. त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं की हे तुमच्या भावाला सांगितलंत का. हो म्हटल्यावर म्हणाला, मग मला कशाला सांगता, आणि दुसरं टोक धरायला सांगून त्याने माझ्याकडून एक बाक हलवून घेतला.

तुझ्या मुलीलाही लिहिलं. तिचं उत्तर चार ओळींचं आलं. ते इथे लिहीत नाही. मला मिळायला हवं होतं तसंच होतं.

पाणी आणून दिलं होतं ते मी विसरलो नव्हतो. लिहवलं नाही.

करायचं काय, असं विचारलंस. मला माहीत नाही. तू विचारलेल्या प्रश्नाला तरी खोटं उत्तर देत नाही, तेवढंच.

तुझा,
काडी

*

१५ ऑक्टोबर

चि. काडीस,

आशीर्वाद.

काल विमान उडालं. तुला कळवायला हवं असं सकाळपासून वाटत होतं, म्हणून बसलोय.

मैदानावर मी, तुझी वहिनी, मुलगी, नात आणि रखवालदार. कोणाला काही विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. प्रत्येक तार, सुकाणू हलवणारा प्रत्येक सर्व्हो, सगळ्या बॅटऱ्या मी स्वतः तपासल्या. खालचे प्लग काढून प्रोपेलर हाताने सहा वेळा फिरवला, तेल काढलं, प्लग बसवले. मग सुरू केलं. आधी एकच सिलिंडर खोकला, मग दुसरा. निळा धूर निघाला आणि एकदम पाचही लागले. त्याला लहान इंजिनासारखा किरकिरा आवाज नाही, काडी. दूरच्या शेतात मोठा पंप चालावा तसा भरदार. पोटात वाजतो. नातीने कानांवर हात ठेवले आणि हात ठेवूनच हसत राहिली.

रिमोट हातात घेतला तेव्हा अंगठ्यांना घाम होता. ते कापत नव्हते. मी बराच वेळ बघत होतो, कापतायत का म्हणून. शेवटी वहिनी म्हणाली की इंजिन तापून जाईल.

धावलं, शेपूट उचलली, जरा डावीकडे ओढत होतं ते सरळ केलं, आणि उचललं गेलं. मी उजवीकडे दाबलं. विमान उजवीकडे गेलं. एवढ्या साध्या गोष्टीने मला तिथेच बसावंसं वाटलं, पण बसता येत नाही, वर यंत्र आहे. दोन फेऱ्या मारल्या. उन्हात दोन्ही पंख कागदी कंदिलासारखे उजळत होते, आतल्या फासळ्या दिसत होत्या. खालून बघताना ते माझं वाटत नव्हतं, कोणी चांगल्या माणसाने बांधल्यासारखं वाटत होतं.

उतरवताना मी गडबडलो. वेग लवकर कमी केला. असलं दोन पंखांचं विमान वेग सोडला की दगडासारखं बसतं, हे मला ठाऊक होतं, तरी केला. ते आपटलं, उसळलं, एका अंगावर गेलं आणि खालचा डावा पंख मोडला. इंजिनाला काही नाही. रखवालदार धावत आला. काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, माझं चुकलं. ते मी असं म्हणालो की वहिनी चमकून माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, हा आता पुन्हा पायरीवर बसणार. मला हसू आलं. अरे, काय चुकलं ते मला नेमकं सांगता येत होतं, कुठे, किती, कशामुळे. पुढच्या वेळी काय करायचं तेही. मला आणखी काय हवंय?

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. गेला असं लिहिलं तर ते आपल्यातलं आणखी एक खोटं होईल, आणि आता तेवढी ताकद दोघांतही नाही. काही दिवस नसतो, काही दिवस सकाळीच उठून बसलेला असतो. तो माझ्याबरोबर राहील असं दिसतं. त्याचं मी बघीन.

पण पंखाच्या बारा फासळ्या बदलायच्या आहेत. डिंक सुकेपर्यंत एकाने धरून बसावं लागतं, आणि तुझी वहिनी म्हणते तिच्याकडून ते होणार नाही, तिला घरात इतर कामं आहेत. तिला काही कामं नाहीत. तिने असं का म्हटलं ते तुलाही कळेल.

तेव्हा ये. आठ दिवसांची सुट्टी काढ. फार बोलायचं नाही, बोलणं आलं तर आलं. जुने कपडे आण, डिंकाचे डाग धुऊन जात नाहीत.

लोभ किती उरलाय ते एकत्र बसून बघू.

तुझा,
दादा